पालवणकर बाळू : एका गोलंदाजाचे विस्मृत चरित्र

पालवण या कोकणातील गावावरून ज्यांना आडनाव लाभले, त्या चर्मकार कुटुंबात १८७६ साली धारवाड येथे बाळू यांचा जन्म झाला. वडील लष्कराच्या नोकरीत होते. मंडणगड तालुक्यातील आंबडवे हे मूळ गाव असलेल्या एका सुभेदाराच्या घरी पुढे पंधरा वर्षांनी महू छावणीत जो पुत्र जन्मला, त्याच्याशी बाळूंचे हे साम्य आम्हांस नेहमीच विचारात पाडते. दोन्ही घराण्यांची मुळे कोकणात, दोघांचेही जन्म दूरवर, आणि दोन्ही घरांना भाकरी लष्कराची.

पुण्यात एका पारशी क्लबात मैदान झाडणे आणि खेळपट्टीवर रूळ फिरवणे, हे बाळूंचे पहिले काम. पगार महिना तीन रुपये. पुढे युरोपीयांच्या पूना क्लबात तो चार रुपये झाला. खेळपट्टी तयार करावी, जाळी बांधावी आणि साहेब लोकांना सरावासाठी गोलंदाजी करावी, असा त्यांचा दिनक्रम होता. ग्रेग नावाचे नामांकित फलंदाज बाळूंपुढे तासन् तास सराव करीत. बाळूंनी बाद केले की प्रत्येक वेळी ते आठ आणे देत, अशी आख्यायिका आहे. अशा रीतीने डावखुऱ्या संथ फिरकीवर त्यांनी प्रभुत्व मिळविले. मात्र त्या जाळ्यात त्यांच्या हाती बॅट कधी दिली गेली नाही.

साहेबांना हरवायचे तर बाळू हवेत, हे पुण्याच्या हिंदू क्लबाने ओळखले. त्यांना संघात घेतले, पण चहाच्या वेळी सवर्ण खेळाडू आत बसत आणि बाळूंना बाहेर, फेकून देण्याच्या मातीच्या भांड्यात चहा मिळे. जेवणाचे ताटही वेगळे. त्यांच्या हातचा चेंडू चालत होता, हातचे पाणी चालत नव्हते. न्यायमूर्ती रानडे यांनी या विसंगतीवर जाहीरपणे बोट ठेवले, ही नोंद मात्र इतिहासाच्या विद्यार्थ्याने विसरू नये.

प्लेगच्या दिवसांत बाळू मुंबईस आले. १९०६ साली हिंदू संघाने युरोपीयांना १०९ धावांनी हरवले, त्या विजयात त्यांचा मोठा वाटा होता. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघ बहुतेक सामने हरला. पण पस्तिशीतल्या बाळूंनी त्या दौऱ्यात शंभराहून अधिक बळी मिळविले. प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत १७९ बळी, सरासरी सुमारे १५ धावांची, हा त्यांचा एकूण हिशेब आजच्या विद्यार्थ्यांनी एकदा फळ्यावर मांडून पाहावा.

एवढे असूनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच दिले गेले नाही. १९१३ साली कर्णधार झालेल्या एम. डी. पै यांनी हा मान खरे तर बाळूंचा होता, असे मोकळेपणाने मान्य केले. १९२० साली तर बाळूंना आरंभी वगळलेच गेले, आणि कर्णधारपदासाठी धाकटे बंधू विठ्ठल यांचाही विचार झाला नाही. तेव्हा विठ्ठल व शिवराम या भावांनी संघातून माघार घेऊन निषेध नोंदविला. त्या काळी चर्मकार कुटुंबातील तरुणांनी असा निषेध करणे किती धैर्याचे होते, हे आमच्या वाचकांना वेगळे सांगावयास नको. अखेर बाळू उपकर्णधार म्हणून परतले. पै काही काळ मैदानाबाहेर गेले आणि तेवढ्यापुरते संघाचे नेतृत्व बाळूंकडे आले. १९२३ साली विठ्ठल कर्णधार झाले, व त्यांच्या नेतृत्वाखाली संघाने युरोपीयांवर विजय मिळविला.

येथपर्यंतचे चरित्र आपल्या सभांतून सांगण्यास कोणाचीच हरकत नसते. अडचण पुढे आहे. तरुण बाबासाहेबांना बाळूंविषयी अभिमान होता. परंतु १९३२ साली स्वतंत्र मतदारसंघाच्या प्रश्नावर बाळू संयुक्त मतदारसंघाच्या बाजूने उभे राहिले. पुणे करारावर त्यांचीही स्वाक्षरी आहे. १९३७ च्या मुंबई विधानसभा निवडणुकीत काँग्रेसने त्यांना थेट बाबासाहेबांविरुद्ध उभे केले. स्वतंत्र मजूर पक्षाच्या बाबासाहेबांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५.

आमच्या मते बाळूंची ती भूमिका चुकीची होती. ज्यांनी त्यांना बाहेर बसवून चहा पाजला, त्यांच्याच मनःपरिवर्तनावर त्यांनी विश्वास ठेवला. परंतु त्या विश्वासाचे कारणही त्यांच्या आयुष्यातच आहे : चेंडूच्या बळावर काही दारे उघडताना त्यांनी स्वतः पाहिली होती. ज्यांच्या हाती चेंडू नव्हता, त्यांच्यासाठी बाबासाहेब लढत होते. या एका निवडणुकीमुळे आम्ही वर्षानुवर्षे बाळूंचे नाव वर्गात घेतले नाही, हे येथे कबूल केले पाहिजे. गतवर्षी वसतिगृहातील एका मुलाने, हे आपल्या कोकणचे असूनही आपल्याला कसे माहीत नाहीत, असे विचारले, तेव्हा आमच्यापाशी उत्तर नव्हते.

४ जुलै १९५५ रोजी मुंबईत बाळूंचे निधन झाले. पुढच्याच वर्षी नागपुरात धम्मदीक्षेचा सोहळा झाला.