जांबेचा नारायण

श्री समर्थ रामदास स्वामींचा जन्म शके १५३०, चैत्र शुद्ध नवमीस (इ. स. १६०८) जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यातील जांब या गावी, ठोसर कुळात झाला. पिता सूर्याजीपंत, माता राणूबाई. ज्येष्ठ बंधू गंगाधरपंत पुढे श्रेष्ठ या नावाने प्रसिद्धीस आले. नारायण सात वर्षांचा असतानाच पितृछत्र हरपले. बाराव्या वर्षी मातोश्रींनी त्याचा विवाह योजिला. परंतु सावधान हा शब्द कानी पडताच नारायणाने मंडप सोडला, ही कथा सर्वश्रुत आहे. तिची दुसरी बाजू मात्र क्वचितच सांगितली जाते. वैधव्याचे दुःख गिळून संसार सावरणाऱ्या त्या माउलीचा धाकटा पुत्र त्या दिवशी दृष्टीआड झाला, तो चोवीस वर्षे परतला नाही.

नाशिकजवळ टाकळी येथे, नंदिनी व गोदावरीच्या संगमावर त्यांनी बारा वर्षे तपश्चर्या केली. पहाटेपासून माध्यान्हापर्यंत नदीपात्रात उभे राहून त्रयोदशाक्षरी राममंत्राचा जप, नंतर पंचवटीत माधुकरी आणि दुपारी ग्रंथांचा अभ्यास, असा त्यांचा नित्यक्रम परंपरेने सांगितला आहे. करुणाष्टकांतील आर्तता याच साधनेतून आलेली मानली जाते. त्यांत उपदेश नाही. आयुष्य व्यर्थ चालले, मन आवरत नाही, रामावाचून कोणी आपले नाही, असा तो विलाप आहे. समर्थ म्हटले की बलोपासना आणि अकरा मारुती आठवतात. रामापुढे अश्रू ढाळणारे समर्थ सहसा कोणास आठवत नाहीत. वास्तविक त्यांनी अश्रू आवरून जप केला नाही, आणि अश्रूंपायी जपही सोडला नाही.

याच सुमारास, इ. स. १६३० पासून, दख्खनेत भीषण दुष्काळ पडला. अन्नान्न दशा झाली, गावे ओस पडली, त्यात फौजांची धामधूम चालूच होती. १६३२ मध्ये टाकळी येथे गोमयाच्या मारुतीची स्थापना करून व तेथील सेवा शिष्य उद्धव यांजकडे सोपवून समर्थ तीर्थाटनास निघाले. बारा वर्षे देशाची ही अवस्था त्यांनी पायी हिंडून पाहिली. त्यांच्या काव्यातील हळहळ आता स्वतःपुरती उरली नाही. लोकांची दैना तीत आली.

तीर्थाटनानंतर ते जांबेस आले. पुत्रवियोगाने रडून मातोश्रींची दृष्टी गेली होती व समर्थांच्या स्पर्शाने ती परत आली, अशी श्रद्धा आहे. मातेच्या समाधानार्थ त्यांनी तिला कपिलगीता निरूपिली, असेही सांगतात. त्यानंतर १६४४ च्या सुमारास ते कृष्णाकाठी गेले. चाफळचे राममंदिर, अकरा मारुतींची स्थापना, मठांचा विस्तार व दासबोध हे कार्य भाविकांना परिचित आहेच. मातोश्रींच्या अंतकाळी समर्थ पुन्हा जांबेस होते, असे चरित्रकार सांगतात.

माघ वद्य नवमी, शके १६०३ (इ. स. १६८२) रोजी सज्जनगडावर त्यांनी देह ठेवला. तेथील सायंउपासनेत आजही करुणाष्टके म्हटली जातात. जांबेस येणाऱ्या भाविकांनी श्रीरामाचे दर्शन घेऊन समर्थांचे जन्मस्थान अवश्य पाहावे. राणूबाईंनी चोवीस वर्षे पुत्राची वाट पाहिली, ती याच गावी.