स्वामी कुवलयानंद

पुणे जिल्ह्यातील लोणावळे येथे कैवल्यधाम ही विख्यात योगसंस्था आहे. स्वामी कुवलयानंदांनी ती १९२४ साली स्थापन केली.

त्यांचे मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. ३० ऑगस्ट १८८३ रोजी गुजरातेत डभोई येथे एका गरीब कुटुंबात त्यांचा जन्म झाला. बडोद्यास प्रोफेसर माणिकरावांजवळ ते व्यायामविद्या शिकले. पुढे नर्मदाकाठी मालसर येथे परमहंस माधवदासजींच्या सान्निध्यात त्यांनी योगाभ्यास केला.

गुरूवर श्रद्धा असूनही योगाचे गुण पारखून घ्यावेत, असे त्यांना वाटे. उड्डियान, नौली या क्रिया चालू असता पोटात काय घडते, हे त्यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने तपासले. असे प्रयोग ते योगमीमांसा या नियतकालिकातून प्रसिद्ध करीत.

१९२७ साली महात्मा गांधी रक्तदाबाने आजारी पडले. सारा देश चिंतेत पडला. गांधीजींनी स्वामीजींचा सल्ला घेतला. धडधाकट तरुणास हितकर ठरणारे आसन अशा रुग्णास अपायकारक ठरले असते! म्हणून स्वामीजींनी त्यांच्या वयास व प्रकृतीस मानवेल एवढाच अभ्यास सांगितला. गांधीजी पत्रांतून आपली प्रकृती कळवीत.

शाळांतील मुलांसाठी स्वामीजींनी सामुदायिक योगाचे पाठ आखले. रुग्णाला मात्र त्याची प्रकृती पाहूनच आसने सांगावीत, हा त्यांचा कटाक्ष होता. १८ एप्रिल १९६६ रोजी ते निवर्तले. योगविद्येला प्रयोगाची जोड देणारा हा थोर आचार्य महाराष्ट्राला सदैव वंदनीय राहील.