प्लेगचे नाव उच्चारणारा डॉक्टर

मुंबईत धोबीतलावापाशी, मेट्रो सिनेमासमोर एका डॉक्टरांचा पुतळा आहे. आपल्या धाराशिवकडून मुंबईला गेलेल्या किती जणांनी त्याखालचे नाव वाचले असेल, देव जाणे! ते नाव डॉ. अकासिओ गॅब्रिएल व्हिएगस.

त्यांचा जन्म १८५६ साली गोव्यातील हडफडे गावी झाला. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून १८८० मध्ये पदवी घेऊन त्यांनी मांडवी भागात व्यवसाय सुरू केला. १८८८ मध्ये ते महापालिकेवर निवडून आले.

मांडवी म्हणजे बंदराला लागून असलेली व्यापारी पेठ. धान्याची गोदामे, अंधाऱ्या खोल्यांतून दाटीने राहणारी माणसे, तुंबलेली गटारे आणि पोत्यापोत्यांतून उंदीर! १८९६ च्या सप्टेंबरात तेथील माणसे तापाने फणफणू लागली, जांघेत व काखेत गाठी येऊन मरू लागली. व्हिएगसांनी रोग ओळखला आणि २३ सप्टेंबरला पालिकेच्या स्थायी समितीपुढे स्पष्ट सांगितले, की हा गाठीचा प्लेग आहे. हे सांगायला छाती हवी होती. प्लेगचे नाव निघाले की परदेशची बंदरे मुंबईच्या बोटी अडविणार, व्यापार बसणार! सरकारी भाषेत तो काही दिवस नुसता संशयास्पद तापच राहिला. ऑक्टोबरात सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसले, तेव्हा वाद मिटला.

मग घरोघर तपासणी सुरू झाली. गटारांतून समुद्राचे पाणी व कार्बोलिक सोडले, भिंतींना चुना फासला, उजेड यावा म्हणून छपरांची कौले काढली. पण गटारे धुतली की उंदीर शेजारच्या घरांत शिरत. उंदरावरील पिसू हा रोग पसरविते, हे सिमाँ यांनी १८९८ मध्ये दाखविले. व्हिएगस मात्र वस्तीच्या सफाईबरोबर उंदीर मारण्याच्याही मागे लागले होते.

१८९७ च्या साथरोग कायद्याने झडत्यांची सक्ती आली. लोक रोगी लपवू लागले. जवळजवळ निम्मी मुंबई गावोगाव पळाली. पुढे प्लेग खेडोपाडी पसरला. आपल्याकडच्या गावकऱ्यांना पिसू ठाऊक नव्हती. पण उंदीर पडू लागले की घर सोडून रानात झोपड्या घालायच्या, एवढे ठाऊक होते.

लशीलाही लोक भीत. तरीही सुमारे १८,००० जणांना व्हिएगसांनी स्वतः लस टोचली, असे सांगतात. एरवी डॉक्टर दिसताच दार लावणारी माणसे त्यांच्यापुढे दंड उघडा करीत, याचे कारण मला एकच दिसते : साथीपूर्वीपासून ते त्याच गल्ल्यांतून रोगी पाहत होते.

१९०६ साली ते पालिकेचे अध्यक्ष झाले. १९३३ मध्ये त्यांचे निधन झाले.