चार्ल्स सिमियन यांची शुक्रवारची बैठक



मी सातवीपर्यंत शिकलेली. कॉलेजची पायरी कधी चढले नाही. तरी कॉलेजातल्या मुलांना आपल्या खोलीवर बोलावून, चहा पाजून बायबल समजावून देणाऱ्या एका गृहस्थांचे चरित्र मला फार आवडते. चार माणसे एका घरात नेमाने जमू लागली की त्यातून काय उभे राहते, हे आपण मंडळाच्या बायका जाणतोच. म्हणून ते थोडक्यात सांगते.

चार्ल्स सिमियन यांचा जन्म २४ सप्टेंबर १७५९ रोजी इंग्लंडातील रेडिंग गावी, सुखवस्तू घरात झाला. १७७९ च्या जानेवारीत ते केंब्रिज विद्यापीठाच्या किंग्ज कॉलेजात आले. कपड्यांची व घोड्यांची हौस दांडगी, आणि स्वभाव तापट. आल्या आल्या त्यांना कळले की, सुमारे तीन आठवड्यांनी प्रभुभोजनाच्या विधीला बसणे सक्तीचे आहे. दुसऱ्याने ते हसण्यावारी नेले असते. हे मात्र घाबरले. आपण त्याला लायक नाही, असे त्यांचे मन त्यांना खाऊ लागले. पुस्तके आणून वाचली, उपासतापास केले. अखेर त्या वर्षीच्या ईस्टरला त्यांच्या जिवाला शांती लाभली. ख्रिस्ताने आपला भार उचलला, ही श्रद्धा मग जन्मभर ढळली नाही.

पण हे बोलावे कुणाजवळ? एवढ्या मोठ्या विद्यापीठात जवळजवळ तीन वर्षे त्यांना एकही समविचारी सोबती मिळाला नाही. कॉलेजात राबणाऱ्या नोकरमाणसांना चर्चला जायला सवड होत नाही, हे पाहून त्यांनी रविवारी संध्याकाळी त्यांनाच बोलावून प्रार्थना वाचण्यास आरंभ केला. पुढच्या कार्याचे बी येथेच पडले, असे मला वाटते.

१७८२ साली केंब्रिजमधील होली ट्रिनिटी चर्च त्यांच्याकडे आले. लोकांना दुसराच पाद्री हवा होता. त्या काळी चर्चमधील बाकांना दारे असत. लोकांनी आपापल्या बाकांना कुलपे घातली आणि घरी बसले. सिमियन यांनी पदरच्या पैशाने मोकळ्या जागेत बाके मांडली, ती कारभाऱ्यांनी बाहेर फेकली. ऐकायला येणारे दहा वर्षांहून अधिक काळ उभे राहून ऐकत. त्यांच्याकडे जाणाऱ्या विद्यार्थ्यांना बाकीचे ‘सिम’ म्हणून चिडवीत.

तापट माणसाला हे सोसणे किती जड गेले असेल! परंतु ते भांडत बसले नाहीत. १७८८ च्या सुमारास पाव महाग झाला, तेव्हा गरिबांना तो अर्ध्या किमतीत मिळावा म्हणून वर्गणी काढण्यात आली. सिमियन स्वतः घोड्यावर बसून आसपासच्या खेड्यांत जात व तो खरोखर मिळतो की नाही, हे पाहत. असे करता करता लोकांची मने निवळली.

त्यांनी लग्न केले नाही. कॉलेजातल्या खोल्या हाच त्यांचा संसार. तेथे ते विद्यार्थ्यांचे वर्ग घेऊ लागले. पुढे दर शुक्रवारी संध्याकाळी चहाची बैठक भरू लागली. मुले दाटीवाटीने बसत. ज्याला जी शंका असेल ती त्याने विचारावी आणि सिमियन यांनी बायबलाच्या आधारे उत्तर द्यावे, अशी रीत होती. पुस्तकातला जो अर्थ असेल तोच बाहेर काढावा, आपल्या मनातला त्यात घालू नये, हा त्यांचा कटाक्ष असे.

त्यांच्या हाताखाली तयार झालेले हेन्री मार्टिन गणितात विद्यापीठात पहिले आले होते. ते १८०६ मध्ये हिंदुस्थानात आले व त्यांनी नवा करार हिंदुस्थानी आणि फारसी भाषांत उतरविला. १८११ मध्ये इराणला जाताना ते मुंबईत थांबले होते. १८१२ साली, अवघ्या ३१ व्या वर्षी, तुर्कस्थानात त्यांचा अंत झाला. त्यांची तसबीर सिमियन यांनी आपल्या खोलीत शेगडीवरच्या भिंतीवर लावली. तिच्याकडे पाहिले की, वेळ वाया घालवू नकोस, असे ती बजावते आहे असे त्यांना वाटे. पोटच्या मुलाचे दुःख याहून वेगळे ते काय असते?

एकाच चर्चमध्ये ५४ वर्षे सेवा करून १३ नोव्हेंबर १८३६ रोजी ते वारले. अंत्यविधीच्या दिवशी बाजार असूनही मुख्य रस्त्यावरची बहुतेक दुकाने बंद होती. ज्या गावाने बाके कुलूपबंद केली, तेच गाव शोक करीत होते. पुढे १८७७ मध्ये केंब्रिजच्या विद्यार्थ्यांनी आपली ख्रिस्ती संघटना स्थापन केली. विद्यापीठांतून आज अशी अनेक मंडळे आहेत.

भगिनींनो, दुसऱ्याने घातलेले कुलूप आपल्या हाती नसते. आपल्या खोलीचे दार उघडे ठेवणे मात्र आपल्या हाती असते. सिमियन यांनी ते ठेवले, आणि आधणाचे पाणी कधी निवू दिले नाही.