मास्टर दीनानाथ

‘तालीम’ हा शब्द तुमच्या ओळखीचा आहे. तुम्ही तो शिक्षण या अर्थाने वापरता. मराठी नाटकवाल्यांनी हा शब्द घेतला आणि त्याला आणखी एक अर्थ दिला. प्रयोगापूर्वी नाटकाचा जो सराव करतात, त्याला मराठीत तालीम म्हणतात. ज्याचे लहानपण अशा तालमींत गेले, त्या एका मुलाची ही हकिकत आहे.

दीनानाथ मंगेशकर यांचा जन्म 29 डिसेंबर 1900 रोजी गोव्यातील मंगेशी या गावी झाला. गोव्यावर तेव्हा पोर्तुगिजांचे राज्य होते. मंगेशीच्या देवळामुळे गावात गाणे-बजावणे नेहमी चाले. आई येसूबाई गात असत. दीनानाथ पाच वर्षांचा झाला आणि बाबा माशेलकर यांच्याकडे गाणे शिकू लागला. त्याचा आवाज उंच आणि धारदार होता. गळ्यातून ताना अशा वेगाने निघत, की ऐकणारा थक्क होई.

त्या काळी संगीत नाटक म्हणजे लोकांचे वेड होते. प्रयोग रात्रभर चालत. आवडलेल्या गाण्याला ‘वन्समोअर’ मिळे आणि नटाला ते पुन्हा गावे लागे. ध्वनिक्षेपक नव्हता, शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायचा तो गळ्याच्या जोरावरच! स्त्रियांनी रंगमंचावर काम करणे समाजाला पसंत नव्हते. त्यामुळे कोवळ्या वयाची मुले लुगडे नेसून नायिका होत. त्यांना ‘स्त्रीपार्टी नट’ म्हणत. कंपनीची तिकिटे खपणे बरेचसे या मुलांच्या गाण्यावर अवलंबून असे. केवढे हे ओझे! शिवाय मुलगा मोठा होऊ लागला, की त्याचा आवाज फुटतो. मग पुढे गाता येईल की नाही, ही भीती प्रत्येकाच्या मनात असे.

किर्लोस्कर नाटक मंडळी ही तेव्हाची नामांकित कंपनी. तिचे लाडके नट बालगंधर्व 1913 साली तिच्यातून बाहेर पडले आणि त्यांनी स्वतःची कंपनी काढली. किर्लोस्कर मंडळीला गाणारी नायिका उरली नाही. अशा वेळी, 1914 साली, दीनानाथ या कंपनीत आला. त्याला चौदावे वर्ष चालू होते. तुमच्याच वयाचा मुलगा! प्रेक्षकांच्या कानांत बालगंधर्वांचे गोड, मृदू गाणे भरलेले होते. त्यांची नक्कल करणे सोपे होते आणि पुष्कळांनी पुढे ती केलीही. दीनानाथने ती केली नाही. त्याचा गळा वेगळा होता, म्हणून त्याचे गाणेही वेगळेच राहिले.

तुम्हांला एक गोष्ट ऐकून आनंद वाटेल. याच कंपनीच्या ‘ताज-ए-वफा’ या उर्दू नाटकात त्याने कमलाची भूमिका केली. गोव्यातल्या खेड्यातून आलेल्या मुलाने उर्दू संवाद पाठ करायचे आणि ते प्रेक्षकांसमोर म्हणायचे, हे सोपे नव्हते. तुम्ही मराठी शिकता आहात, तेव्हा हे तुम्हांला जास्त कळेल.

1918 साली दीनानाथ, चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे यांनी बळवंत संगीत मंडळी स्थापन केली. मालक झालेल्या दीनानाथांचे वय होते अवघे सतरा! राम गणेश गडकरी यांचे ‘भावबंधन’ हे नाटक या कंपनीने रंगभूमीवर आणले. ते पाहायला गडकरी उरले नव्हते. जानेवारी 1919 मध्येच त्यांचे निधन झाले होते. दीनानाथांची लतिका मात्र गाजली. त्यांचा आवाज टिकला होता. पुढे ते रामकृष्णबुवा वझे यांच्याकडे शिकले. नाव झाल्यावरही त्यांनी शिकणे थांबवले नाही, हे मला फार मोलाचे वाटते. ‘रणदुंदुभी’मध्ये ते तेजस्विनी झाले, तर ‘मानापमान’मध्ये धैर्यधर हा शूर नायक झाले. लहान वयात रंगमंचावर आलेल्या मुलांना ‘मास्टर’ म्हणत. दीनानाथांच्या नावाला हा शब्द जन्मभर चिकटून राहिला.

1931 साली ‘आलम आरा’ हा पहिला भारतीय बोलपट आला आणि प्रेक्षक सिनेमाकडे वळले. नाटक कंपन्या एकामागून एक बंद पडू लागल्या. बळवंत मंडळीनेही ‘कृष्णार्जुन युद्ध’ हा चित्रपट काढला; पण त्यामुळे कंपनी सावरली नाही. ती बंद पडली.

या पडत्या दिवसांत एकदा त्यांचा एक शिष्य रियाज करताना चुकला. त्यांच्या चिमुकल्या मुलीने ती चूक ओळखली आणि स्वतः गाऊन दाखवली. दीनानाथांनी ते ऐकले आणि दुसऱ्या दिवसापासून तिला शिकवायला बसवले. ही मुलगी म्हणजे लता मंगेशकर.

24 एप्रिल 1942 रोजी पुण्यात दीनानाथांचे निधन झाले. ते अवघे एकेचाळीस वर्षांचे होते. लता पाच भावंडांत सर्वांत मोठी. ती तेव्हा बारा वर्षांची होती. त्याच वर्षी ‘पहिली मंगळागौर’ या मराठी चित्रपटात तिने काम केले आणि गाणेही गायले. वडील मंगेशी सोडून नाटक कंपनीत आले, तेव्हा तेही जवळजवळ याच वयाचे होते.