भर समुद्रात जहाजांची कागदपत्रं तपासणारे कान्होजी आंग्रे आणि त्यांच्यामागे उभ्या असलेल्या ताराराणी

कोल्हापूरच्या ताराराणी चौकात ट्रॅफिकवाल्या मामांनी शिट्टी मारली की गाडी बाजूला घ्यायची आणि खिसे चाचपायचे. लायसन, आरसी, पीयूसी, इन्शुरन्स. एक कागद कमी पडला तरी पावती फाटलीच म्हणून समजा.

तिथं घोड्यावर बसलेल्या ताराराणींचा पुतळा आहे. आता गंमत बघा. तीनशे वर्षांपूर्वी असाच एक नाका भर समुद्रात चालायचा. जहाज अडवायचं, कागद मागायचा. कागद नसला तर माल गेला आणि जहाजही गेलं. हा नाका चालवणारा गडी याच ताराराणींचा सरदार होता.

त्यांचं नाव सरखेल कान्होजी आंग्रे.

इंग्रजांनी त्यांना कायम चाचा म्हणून बदनाम केलं. पण सगळं भांडण कशावरून होतं ते बघितलं, तर विषय एका कागदावर येऊन थांबतो. त्या कागदाला आपल्याकडं दस्तक म्हणायचे.

कागदाची ही भानगड पोर्तुगीजांनी सुरू केली. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला ते इथं आले आणि अरबी समुद्र आमच्या मालकीचा असं जाहीर करून बसले. जहाज बाहेर काढायचं तर आमचा परवाना घ्या, असा त्यांचा हुकूम. या परवान्याला कार्ताझ म्हणत. नाखवा कोण, माल काय, हत्यारं किती, जाणार कुठं, हे सगळं त्यात लिहिलेलं असायचं. वर पोर्तुगीज बंदरात थांबून जकात भरायची ती वेगळीच.

अगदी मुघल बादशहाची हजला जाणारी जहाजंसुद्धा हा कागद घेऊनच निघायची. तरी कागद असला म्हणजे माणूस सुटला असं नव्हतं. १६१३ मध्ये पोर्तुगीजांनी जहांगीरच्या आईचं ‘रहिमी’ नावाचं जहाज पकडलं. त्याच्याकडं रीतसर कार्ताझ होता. ज्यानं परवाना दिला त्यानंच जहाज धरलं, मग दाद मागायची कुणाकडं?

शिवाजी महाराजांनी आरमार उभं केलं त्यामागं हे एक मोठं कारण होतं. आपल्याच दारातून बाहेर पडताना दुसऱ्याची परवानगी कशाला घ्यायची?

त्याच आरमारात सुवर्णदुर्गावर तुकोजी नावाचे गृहस्थ चाकरीला होते. घराण्याचं मूळ आडनाव संकपाळ, आंगरवाडी गावावरून ते आंग्रे झाले. कान्होजी हा त्यांचा मुलगा, जन्म १६६९ च्या सुमाराचा. पोरगं किल्ल्यावर आणि गलबतांवरच वाढलं. संभाजी महाराजांच्या हत्येनंतर औरंगजेबाच्या फौजा आणि जंजिऱ्याचा सिद्दी कोकणात धुमाकूळ घालत होते. एकेक किल्ला जात होता. त्या काळात ज्यांनी किनारा धरून ठेवला, त्यांत कान्होजींचं नाव पुढं आलं. १६९८ मध्ये आरमाराचे प्रमुख सिधोजी गुजर वारले आणि जबाबदारी कान्होजींवर आली.

दोन वर्षांत राजाराम महाराजही गेले. पुढं औरंगजेबाशी झुंज ताराराणींनी दिली. घाटावरची लढाई त्या बघत होत्या, किनारा कान्होजी सांभाळत होते. कुलाबा, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग अशी ठाणी हातात होती. याच जोरावर कान्होजींनी पोर्तुगीजांचाच डाव उलटवला. या पाण्यातून जायचं तर आता मराठ्यांचा दस्तक घ्या.

इंग्रजांची पंचाईत इथं झाली. कंपनीची स्वतःची जहाजं होतीच, पण मुंबईचे देशी व्यापारीही आपल्या जहाजांवर इंग्रजी पास आणि इंग्रजी निशाण लावून फिरायचे. दस्तकाचे पैसे वाचत होते. कान्होजींचं म्हणणं सरळ होतं. इंग्रजांच्या जहाजाला इंग्रजांचा पास चालेल, दुसऱ्याच्या जहाजाला नाही. आपण मित्राच्या आरसीवर आपली गाडी चालवायला लागलो तर मामा ऐकतील का?

१७१२ मध्ये कान्होजींच्या आरमारानं थेट मुंबईच्या गव्हर्नरची नौकाच धरली. कारवारच्या वखारीचा नवा प्रमुख तेव्हा तिकडं निघाला होता. लढाईत तो मारला गेला आणि त्याची तरुण बायको कैदेत पडली. पुढच्या वर्षी तीस हजार रुपये घेऊन तिला सोडण्यात आलं. खंडणी ती खंडणीच, तिचं समर्थन करण्यात अर्थ नाही. पण त्याच सुमारास तह झाला आणि त्यात गव्हर्नरनं कबूल केलं की पास फक्त इंग्रज व्यापाऱ्यांच्या जहाजांनाच देऊ. ज्याला चाचा म्हणायचं, त्याच्याशीच पासाबद्दल लेखी करार करायचा!

पण दस्तकाची खरी ताकद शिक्क्यात असते. मागं गादी नसेल तर तो नुसता कागद. आणि गादीचा प्रश्न तेव्हाच पेटला होता.

१७०७ मध्ये शाहू महाराज मुघलांच्या कैदेतून सुटून आले. सातारा त्यांच्याकडं गेलं, ताराराणींनी पन्हाळा-कोल्हापूरकडं वेगळी गादी मांडली. कान्होजी ताराराणींच्या बाजूनं राहिले, इतके की १७१३ मध्ये शाहूंनी पाठवलेल्या पेशव्यालाच, बहिरोपंत पिंगळ्यांना, त्यांनी कैद केलं. मग शाहूंनी श्रीवर्धनच्या बाळाजी विश्वनाथांना पेशवेपद देऊन बोलणी करायला धाडलं. दोघंही कोकणचे, सिद्दीचा त्रास दोघांनाही माहीत. १७१४ च्या सुरुवातीला समझोता झाला. पेशवे सुटले, कान्होजींचं सरखेलपद आणि किनाऱ्यावरचे किल्ले कायम राहिले. शिक्का मात्र आता साताऱ्याचा.

कोल्हापूरच्या दृष्टीनं हा मोठा घाव होता. त्याच वर्षी घरातल्याच राजकारणात ताराराणींची सत्ता गेली. कान्होजींनी दगा दिला असं कुणी म्हणेल. पण पोर्तुगीज, सिद्दी आणि इंग्रज तिन्ही बाजूंनी टपलेले असताना मागं भक्कम गादी नसलेला सरखेल किती दिवस टिकला असता, हाही विचार करायला हवा.

तहानंतरही वाद मिटला नाही. देशी व्यापाऱ्याचा माल इंग्रजी जहाजात असेल तर तो कुणाचा धरायचा, यावर परत जुंपली. नवा गव्हर्नर बून इरेला पेटला. १७१७ मध्ये विजयदुर्ग, १७१८ मध्ये खांदेरी, १७२० मध्ये परत विजयदुर्ग, सगळीकडं इंग्रजांचा हल्ला फसला. १७२१ च्या शेवटी इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून अलिबागवर आले, सोबत कमोडोर मॅथ्यूज इंग्लंडच्या राजाच्या नौदलाची जहाजं घेऊन. साताऱ्याहून मदत आली आणि तेही हात हलवत परत गेले. १७२४ मध्ये डच येऊन बघून गेले.

आजही परदेशी बंदरात बोट न्यायची तर नोंदणीचा दाखला, खलाशांची यादी, आधीच्या बंदरानं दिलेला निघण्याचा परवाना असं सगळं लागतं. निशाण ज्या देशाचं, कागदही त्याच देशाचे हवेत. नाहीतर युद्धनौकेला भर समुद्रात तुमची बोट अडवून तपासता येते. देशी व्यापाऱ्याच्या जहाजावरचं इंग्रजी निशाण कान्होजींना खटकत होतं ते याच मुद्द्यावर.

४ जुलै १७२९ रोजी कान्होजी गेले. तोवर त्यांचा दस्तक समुद्रावर चालत होता.

कोल्हापूरकडं पुढं मालवणचा किनारा आणि सिंधुदुर्ग होता. १७६५ मध्ये इंग्रजांनी सिंधुदुर्ग घेऊन त्याचं नाव फोर्ट ऑगस्टस ठेवलं. जिजाबाईंच्या कारभारात, युद्धखर्च भरून देण्याच्या बोलीवर, तो दुसऱ्या वर्षी परत मिळाला. १८१२ च्या तहात मात्र मालवण कायमचं गेलं. तेव्हापासून कोल्हापूरकर समुद्राकडं जातो तो गगनबावड्याचा घाट उतरून, मासे खायला.

कान्होजींची समाधी अलिबागमध्ये आहे. आणि ज्या मुंबईच्या गव्हर्नरांनी त्यांना चाचा ठरवलं, त्याच मुंबईतल्या नौदलाच्या तळाचं नाव आज आयएनएस आंग्रे आहे.