न विकलेली ऑस्टिन

महायुद्ध संपून दोन वर्षे झाली तरी ब्रिटनमध्ये पेट्रोल मोजूनमापूनच मिळत होते. १९४७च्या ऑक्टोबरमध्ये खासगी मोटारींना मिळणारा मूळ कोटाही सरकारने बंद केला आणि लंडनच्या वॉरन स्ट्रीटवरचा जुन्या गाड्यांचा बाजार कोसळला. या बाजारात एक विद्यार्थी कॉलेज सांभाळून गाड्यांची खरेदी-विक्री करीत असे. त्याने तोटा सोसून सगळा माल विकला. उरली ती एक ऑस्टिन सेव्हन. तिला कोणी गिऱ्हाईकच मिळेना.

हा विद्यार्थी म्हणजे कॉलिन चॅपमन. जन्म १९ मे १९२८ चा. वडील लंडनच्या हॉर्न्सी भागात रेल्वे हॉटेल चालवीत. मुलगा युनिव्हर्सिटी कॉलेजात बांधकामाच्या सांगाड्यांचे अभियांत्रिकी शास्त्र शिकत होता आणि विद्यापीठाच्या हवाई पथकात विमान चालवायलाही शिकला होता. पडून राहिलेल्या ऑस्टिनसाठी त्याला जागा मिळाली ती मैत्रीण हेझेल विल्यम्स हिच्या आईवडिलांच्या घरामागील गॅरेजात. तिथे हाताशी असलेल्या साध्या हत्यारांनी त्याने गाडीचे जुने अंग उतरवून टाकले.

ऑस्टिन सेव्हन ही सामान्य माणसाची स्वस्त गाडी. पुढे आडवा पाटा, मागे दोन अर्धवट पाटे आणि पातळ पत्र्याची पिळवटणारी चासी. खड्डा आला की पाट्यांआधी चासीच वाकायची. जादा कडक पाटे बसवून गाडी सरळ होईल, अशी बहुतेक हौशी कारागिरांची समजूत असे; पुष्कळांची आजही आहे. सांगाड्यांचे गणित शिकणाऱ्या चॅपमनने उलटा विचार केला. वाकणारी चासी हीच एक बेशिस्त स्प्रिंग आहे. तिला आधी ताठ केले, तर पाटे मऊ ठेवूनही चाक रस्ता सोडणार नाही. म्हणून त्याने चासीचे उघडे पन्हळ बंद केले आणि अ‍ॅल्युमिनियम चिकटवलेल्या प्लायवूडचे, विमानाच्या धर्तीवरचे अंग तिच्यावर चढवले. ते केवळ झाकण नव्हते, भारही पेलत होते. १९४८ साली ही गाडी चिखलाच्या चढांवरील शर्यतींत उतरली, हेझेल शेजारी बसलेली. गाडीला त्याने लोटस हे नाव दिले. कमळाचे नाव का, हे त्याने शेवटपर्यंत उघड केले नाही.

पुढचा अ‍ॅक्सल हे दुसरे दुखणे होते. अखंड दांड्यामुळे एक चाक उचलले की दुसरे कलायचे. त्याच्या सुरुवातीच्या गाड्यांत चॅपमनने असा दांडा मधोमध कापून दोन्ही अर्धे बिजागरीवर टांगले. खर्च नगण्य, चाके स्वतंत्र. पण चाक वरखाली होताना आता ते तिरकेही व्हायचे आणि त्याचा त्रास स्टीअरिंगला व्हायचा. हा दोष घेऊन त्याने कित्येक शर्यती जिंकल्या. १९५७ साली त्रिकोणी भुजांचे सस्पेन्शन आल्यावरच तो कापलेला दांडा सुटला.

१९५२च्या आरंभी वडिलांच्या हॉटेलामागच्या जुन्या तबेल्यात लोटस कंपनी सुरू झाली. दिवसा चॅपमन ब्रिटिश अ‍ॅल्युमिनियम कंपनीत नोकरी करी आणि रात्री गाड्या बांधी. १९५४ साली त्याचे हेझेलशी लग्न झाले. १९५७ची लोटस सेव्हन सुट्या भागांत मिळे, कारण तयार गाडीवर जबर खरेदीकर होता, सुट्या भागांवर नव्हता. जोडणीच्या सूचना देण्यास मनाई होती. तेव्हा गाडी उलगडण्याच्या सूचना दिल्या गेल्या आणि त्या उलट्या क्रमाने वाचायच्या, अशी हकिकत सांगतात. घरच्या गॅरेजात घडलेल्या माणसाने अशा रीतीने हजारो घरांच्या गॅरेजांत गाडी पोहोचवली.

पुढचा इतिहास परिचित आहे. १९६२ची लोटस २५, जिम क्लार्कची १९६३ आणि १९६५ मधील विश्वविजेतेपदे, इंडियानापोलिसचे यश. मात्र वजन छाटण्याच्या हव्यासाची दुसरी बाजूही होती. १९६० साली स्पा येथे स्टर्लिंग मॉसच्या लोटसचे मागचे चाक निखळले आणि त्याचे दोन्ही पाय मोडले. १९६९ साली बार्सिलोनात सस्पेन्शनवरच उभारलेले उंच पंख मोडून ग्रॅहम हिल आणि योखेन रिंट या दोघांच्याही गाड्या धडकल्या. लोटस नाजूक असते, हे रिंट जाणून होता. १९७० साली मोंझा येथे त्याच्या गाडीच्या पुढच्या ब्रेकचा शाफ्ट तुटला आणि तो गेला. कठडा नीट उभारलेला नव्हता, हेच मृत्यूचे कारण इटालियन न्यायालयाने मानले. त्या वर्षीचे विश्वविजेतेपद रिंटला मरणोत्तर मिळाले. न्यायालयाचा निकाल काहीही असो, किती हलके म्हणजे फार हलके, हा प्रश्न चॅपमनच्या नावाला कायमचा चिकटला.

अखेरची वर्षे कडवट गेली. डीलोरियन मोटारीच्या प्रकल्पातील पैसे परस्पर वळवल्याच्या संशयाची छाया त्याच्यावर पडली. त्याच प्रकरणात लोटसच्या हिशेबनिसाला १९९२ साली शिक्षा झाली. पण गाडीपुरते पाहिले तर चॅपमन पुन्हा जुन्याच कोड्याशी झुंजत होता. जमिनीला चिकटून धावणाऱ्या त्याच्याच गाड्यांना इतक्या कडक स्प्रिंगा लागू लागल्या की चालकाची हाडे खिळखिळी होत. त्यावर काढलेली दुहेरी चासीची लोटस ८८ ही १९८१ साली नियमबाह्य ठरली. मग स्प्रिंगेचे काम संगणकाने चालणाऱ्या हायड्रॉलिक दांड्यांकडे सोपवण्याचे प्रयोग रस्त्यावरच्या एस्प्रिट गाडीवर सुरू झाले.

१६ डिसेंबर १९८२ रोजी हृदयविकाराच्या झटक्याने चॅपमनचे निधन झाले. वय ५४. त्याच दिवशी स्नेटरटनच्या धावपट्टीवर या नव्या सस्पेन्शनची फॉर्म्युला वन गाडी प्रथमच धावून पाहण्यात आली. १९८७ साली आयर्टन सेनाने तशाच लोटसमधून मोनॅकोची शर्यत जिंकली.